बारक्या भंतेंनी दिलेला खांदा

आमच्या कुंबुकवेव गावात त्यांना म्हातारपणीही सगळे 'बारके भंते'च म्हणत. ते लहानपणी विहारात आले तेव्हा तिथे आधीच एक थोरले भंते होते, म्हणून हे बारके. पुढे थोरले गेले, बारके विहाराचे प्रमुख झाले, पोट सुटलं, भुवया पिकल्या, पण नाव काही वाढलं नाही. सीलवंस हे दीक्षेचं नाव फक्त विहाराच्या पाटीवर आणि पोस्टमनच्या तोंडी.

उंचीनंही ते बारकेच होते. आवाज फाटका. संकट टळावं म्हणून म्हणतात त्या परित्राण पाठाला बसले की वरच्या सुरावर हमखास घसरायचे आणि मग खोकल्याचं निमित्त करायचे. मी विहाराचा ढोल वाजवणारा, माझा बाप आणि आजाही तेच करत. खोकला आला की मी मध्ये एक ठेका घालायचो. पाठ संपल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "सुवारिस, आज तू फार लवकर धावलास रे मदतीला. अजून दोन ओळी निभावल्या असत्या."

कुत्र्यांना ते भयंकर भीत. पोलिसांना भीत, वीज कडाडली की भीत, आणि पोडिनोना नावाच्या बाईच्या जिभेला तर सगळं गावच भीत होतं. भांडणं मात्र उत्तम मिटवायचे. कुंपणावरचं नारळाचं झाड कोणाचं यावर दोन भाऊ विळे घेऊन उभे राहिले, तेव्हा भंते मध्ये जाऊन बसले आणि म्हणाले, "नारळ पडेपर्यंत मी इथंच बसतो. ज्याच्या बाजूला पडेल त्याचा. तोवर दोघांनी मला पंखा घालायचा." ऊन चढलं, हात दुखले, भाऊ हसायला लागले. असा माणूस. शूर वगैरे बिलकूल नव्हता.

मग ते वर्ष आलं. एकोणनव्वद साल. सरकारविरुद्ध बंड करून जंगलात गेलेली पोरं एका बाजूला, सरकार आणि सरकारपक्षाची माणसं दुसऱ्या बाजूला. दोघांकडे बंदुका. आमच्याकडे भाताची शेतं, म्हशींचं दही आणि बंद खिडक्या. पोरांची चिठ्ठी खांबावर लागायची, की उद्या दुकानं बंद, बस बंद, दिवे बंद. सकाळी लष्कराची गाडी यायची आणि ओरडून सांगायची, दुकानं उघडा. उघडलं तर हे मारणार, नाही उघडलं तर ते.

एडविन मुदलालींनी दुकान उघडलं.

ते गावातले बडे दुकानदार आणि सरकारपक्षाचे होते हे खरं. परवाने आपल्याच माणसांना मिळवून द्यायचे हेही खरं. पण त्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं ते लष्करानं कुलूप तोडीन म्हणून दम दिला होता म्हणून. दुसऱ्या दिवशी पहाटे ते आपल्याच दुकानासमोर पडलेले सापडले. शेजारी चिठ्ठी होती. देशद्रोह्याची प्रेतयात्रा निघणार नाही. शवपेटी खांद्यावर घ्यायची नाही, गुडघ्याच्या खालून न्यायची. पांढऱ्या पताका नकोत, ढोल नको, बायका नकोत, भंते नकोत.

गावातले निम्मे लोक रडले. उरलेले हळूच म्हणाले, "फार माजला होता. परवान्यांच्या वेळी नव्हता का आठवला देव?" ही गोष्ट मी माझ्या कानांनी ऐकलीय, आणि म्हणणारी माणसं वाईट नव्हती. त्यांच्या घरी मी जेवलोय.

चार माणसं कंबरेत वाकून, पेटी जवळजवळ जमिनीला घासत, विहाराच्या रस्त्यानं गेली. मुदलालींना त्यांच्याच नारळाच्या बागेत पुरलं. त्यांच्या बायकोनं, सोमावतीअक्कानं, पाठाला या म्हणून सकाळीच निरोप धाडला होता. भंतेंनी उलट निरोप दिला की ताप आलाय. माझाही ढोल घरात खुंटीवरच होता.

त्यानंतर भंते बदलले. सकाळचं दान घ्यायचे, पण दोन घास खाऊन ताट सरकवायचे. एक दिवस छत्री उचलली आणि मला म्हणाले, "चल, शहरात जाऊ. मोठ्या विहारात."

मोठ्या विहारात जिल्ह्यातल्या भंतेंची सभा भरायची. जिल्ह्याचे प्रमुख, नायक भंते, मध्यभागी, भिंतीवर मंत्र्यांबरोबरचे त्यांचे फोटो. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो, पण आवाज सगळे येत होते. बारके भंते म्हणाले, "सगळ्या विहारांनी मिळून एवढंच जाहीर करू या. कोणीही मारला गेला, कोणाचाही असो, त्याच्या घरी भंते जातील. एकटा गेला तर एकट्याला मारतील. सगळे गेले तर किती जणांना मारतील?"

आत एकच गलका झाला. कोणी म्हणालं, तरुण मुलांचं रक्त उसळतं, त्यांचा राग समजून घ्यायला हवा. कोणी म्हणालं, सरकारला कडक व्हावंच लागेल, नाहीतर विहारच राहणार नाहीत. शेवटी नायक भंते म्हणाले, "आज बोललो तर एका बाजूचे ठरू. वेळ बघून बोलू."

"आपली बाजू कुठली, भंते?" बारक्या भंतेंनी विचारलं.

"तेच म्हणतोय मी. आपली बाजू नाही."

परतताना बसमध्ये भंते म्हणाले, "सुवारिस, एवढं बोलले सगळे, पण मेलेल्या माणसाचं नाव काय होतं, हे एकानंही विचारलं नाही."

पावसाळा सरत आला तेव्हा तिलकसिरी मेला.

हा पोडिनोनाचा एकुलता एक. रविवारच्या धम्मशाळेत भंतेंपुढे बसून शिकलेला, हुशार, उद्धट. जंगलातल्या पोरांत मिसळला होता. एडविन मुदलालींच्या शेजारची चिठ्ठी त्यानंच लिहिली, असं लोक म्हणत. गोळी कोणी घातली ते आजही कोणाला ठाऊक नाही. तोंडं बांधलेल्या माणसांनी त्याला घरातून नेलं आणि सकाळी तो रस्त्याच्या मोरीवर पडलेला होता. या वेळी चिठ्ठी नव्हती. सोमावतीअक्काचा भाऊ सिरिपाल, गावातला सरकारपक्षाचा पुढारी, तीन माणसं घेऊन तिथं खुर्ची टाकून बसला होता. एकाच्या मांडीवर बंदूक. हात लावाल तर याद राखा, एवढंच तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

आता रडणारे दुसरे होते आणि "बरं झालं, केलं तसं भरलं" म्हणणारेही दुसरे. शब्द मात्र तेच होते.

पोडिनोना विहाराच्या पायरीवर येऊन बसली. जिच्या जिभेला गाव भ्यायचं ती बाई एक शब्द बोलत नव्हती. भंते बाहेर आले, तिच्याकडे बघितलं, आत गेले, पुन्हा बाहेर आले. मग माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"सुवारिस, ढोल उतरव."

माझी बायको एमलीन आतून धावत आली. "भंते, याला तीन लेकरं आहेत हो!"

"आणि मला हे एक पोट आहे," भंते म्हणाले. "भीती सारखीच आहे, एमलीन. मी काही त्याला जबरदस्ती करत नाही. पण ढोलाशिवाय माझा आवाज मला ऐकवत नाही."

मी ढोल उतरवला. एमलीननं मला एक शिवी दिली आणि मग ढोलाचा पट्टा नीट खांद्यावर बसवून दिला.

मला वाटलं आम्ही मोरीकडे निघालो. भंते वळले ते सोमावतीअक्काच्या घराकडे. रस्त्यावरचे दोघे-तिघे एकमेकांकडे बघून हसले. सिरिपालच्या बहिणीकडे परवानगी मागायला निघाला म्हातारा, असं त्यांना वाटलं असणार. मलाही तेच वाटलं.

अक्का ओसरीत तांदूळ निवडत होती. भंतेंना बघून उठली, सवयीनं खुर्चीवर पांढरं कापड टाकलं. भंते खुर्चीवर बसले नाहीत. खाली, तिच्या चटईच्या कडेला, सिमेंटवर बसले. आमच्याकडे भंते गृहस्थाच्या बरोबरीनं जमिनीवर बसत नाहीत.

"भंते, उठा. मला पाप लावता का?"

"सोमावती, त्या दिवशी मला ताप नव्हता."

"ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मी भ्यालो होतो."

अक्का पुन्हा चटईवर बसली. सुपातले तांदूळ एका बाजूला लोटले, पुन्हा दुसऱ्या बाजूला लोटले. मग एकदम बोलायला लागली. "लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या हातचं जेवलात तुम्ही. माझ्या नवऱ्याला मेलेल्या कुत्र्यासारखं नेलं, आणि मला अंगणाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. मी दारातून बघत होते. विहाराच्या भिंतीवरून तुमचं नुसतं डोकं दिसत होतं. ते तरी दिसायला नको होतं हो. मग म्हटलं असतं, खरंच तापानं पडलेत."

भंते खाली मान घालून बसले होते.

"आणि आता त्या पोराकडे निघालात. त्याच्यासाठी ताप उतरला वाटतं."

"त्याच्याकडे जायचंय. पण आधी इथं आलोय."

"माझी परवानगी मागायला?"

"नाही. एडविनचं राहिलंय, ते करायला."

"आणि तिकडे जाऊ नका म्हटलं तर?"

"तर एडविनचं करीन आणि तरीही तिकडे जाईन. पण तुझी नजर चुकवून जाणार नाही."

अक्का उठून आत गेली. मला वाटलं, आता दार लावणार. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कोऱ्या पांढऱ्या कापडाची घडी होती. प्रेतावर घालून भंतेंना द्यायचं असतं ते कापड. त्या दिवशी आणलेलं, तसंच कपाटात पडून होतं.

"पुरून महिने झाले. आता चालतं का हे?" तिनं विचारलं.

"ग्रंथात नाही," भंते म्हणाले. "पण करू."

"मग मोठ्यानं करा. ढोल वाजवून. त्यांना गुपचूप नेलं, पाठ गुपचूप नको मला."

बागेत, मातीच्या उंचवट्यावर तिनं कापड पसरलं. मी ढोल वाजवला. कित्येक महिन्यांत गावात मृत्यूचा ढोल वाजला नव्हता. आसपासच्या घरांच्या खिडक्या किलकिल्या झाल्या. भंतेंनी प्रेतापुढे म्हणायचं "अनिच्चा वत संखारा" सुरू केलं, वरच्या सुरावर आवाज फाटला, पण त्या दिवशी त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं नाही आणि मीही मध्ये ठेका घातला नाही. फाटक्या आवाजातच पूर्ण केलं. पुण्य मेलेल्याला पोचावं म्हणून अक्कानं पेल्यात पाणी ओतलं, पेला भरून वाहिला, खालचं ताट भरलं, तरी ती ओततच राहिली. शेवटी भंते म्हणाले, "पोचलं, सोमावती. पोचलं त्याला." तेव्हा थांबली.

निघताना ती अंगणाच्या कडेपर्यंत आली. "मी येणार नाही तिकडे. माझ्यानं होणार नाही." मग डोळे पुसून म्हणाली, "पण कोणी अडवलं तर सांगा, सोमावतीच्या घरून निघालोय."

पोडिनोना अजून पायरीवरच होती. तिला घेतलं. तिचा म्हातारा भाऊ खोक्याच्या फळ्यांची पेटी ठोकून तयार होता, त्याच्याबरोबर ताडी काढणारा मार्टिन आणि एक लांबचा पुतण्या. एवढीच माणसं. ज्यांच्यासाठी पोरानं जीव घालवला त्यांच्यापैकी एकही नव्हता.

सिरिपाल खुर्चीवरून उठला नाही. "या या भंते! आमच्या दाजींच्या वेळी ताप होता ना तुम्हाला?"

"ताप नव्हता. भ्यालो होतो."

असं उत्तर येईल असं सिरिपालनं धरलं नव्हतं. त्याच्या माणसांपैकी एकजण फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला.

"आणि आज नाही वाटत भीती?"

"वाटते की. ही बंदूक कोणाकडे वळवून ठेवलीय बघ. पण मी तुझ्या बहिणीकडून आलोय. एडविनचं सगळं करून. ढोल ऐकला असशील."

सिरिपालचा चेहरा पडला. ढोल त्यानं ऐकला होता, फक्त कोणासाठी हे त्याला कळलं नव्हतं. "अक्कानं... करू दिलं?"

"तिनंच कापड दिलं."

तो उठला, रस्त्याच्या कडेला जाऊन थुंकला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. जा असंही म्हणाला नाही, नको असंही म्हणाला नाही.

पोडिनोनानं लेकाचं तोंड पदरानं पुसलं. भंतेंनी पाठ केला. पेटी उचलायची वेळ आली तेव्हा बंदूकवाला ओरडला, "गुडघ्याखालून न्या! त्यांचाच कायदा आहे तो!"

भंते वळले. मी त्यांना तेवढं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "त्यांनी केला होता तो कायदा! तू कधीपासून पाळायला लागलास? पेटी खांद्यावर जाईल."

पण खांदे तीनच होते. मी ढोल उतरवायला लागलो तर भंते म्हणाले, "तू वाजव. ढोल थांबला की लोक समजतील, पळाले." आणि त्यांनी अंगावरचं चीवर खोचलं, मागच्या डाव्या कोपऱ्याखाली जाऊन उभे राहिले.

भिक्खूनं पेटी खांद्यावर घ्यायची पद्धत नाही. पण त्याहून मोठी अडचण उंचीची. मार्टिन ताडासारखा लांब, भंते त्याच्या काखेपर्यंत. पेटी उचलली तशी ती त्यांच्या कोपऱ्याकडे कलंडली. आत तिलकसिरी सरकल्याचा आवाज झाला. पोडिनोना किंचाळली. भंतेंनी हात वर करून पेटी तोलायचा प्रयत्न केला, चार पावलं तशीच टाकली, घाम डोळ्यांत, चवड्यांवर उभे, तरी कोपरा खालीच.

सिरिपालच्या माणसांत जिनदास नावाचा एक उंच गडी होता. एडविन मुदलालींच्या दुकानात पोती उचलायचा. त्याला ते बघवेना. तो तरातरा आला आणि म्हणाला, "सोडा भंते, सोडा! पाडाल त्याला!"

"तू घेणार?"

"मग काय तुम्ही घेणार? तुमच्यानं होतंय का काही?" असं म्हणत, भंतेंवरच रागावत, त्यानं कोपरा आपल्या खांद्यावर घेतला. पेटी सरळ झाली.

मी मागे वळून बघितलं. सिरिपाल अजून पाठ फिरवूनच उभा होता. त्यानं जिनदासला हाक मारली नाही.

बाजारातून आम्ही भर दिवसा गेलो. कोणी बाहेर आलं नाही, पण दुकानांच्या फळ्यांआडून लोक उभे राहिलेले दिसत होते.

नंतर काय व्हायचं ते झालंच. विहाराच्या दारावर पोरांची चिठ्ठी आली, देशद्रोह्यासाठी पाठ केला म्हणून. लष्कराच्या गाडीनं भंतेंना नेऊन दिवसभर उन्हात बसवलं, दहशतवाद्यासाठी पाठ केला म्हणून. गावात निम्मे लोक त्यांना सरकारचे म्हणायचे, निम्मे पोरांचे. भंते म्हणायचे, "दोन्हीकडून शिव्या येतायत म्हणजे बहुतेक रस्त्याच्या मध्यावर आहे. गाडीखाली नाही आलो म्हणजे मिळवली."

मोठ्या विहारातून बोलावणं आलं. नायक भंतेंनी आरोप वाचले. जुन्या मातीवर प्रेताचा पाठ केला. भिक्खू असून पेटी उचलली. बाईच्या घरी जमिनीवर बसले.

"खरंय का?"

"तिन्ही खरं आहे," बारके भंते म्हणाले. "चौथं लिहायचं राहिलंय. पहिल्या दिवशी गेलो नाही, ते."

शिक्षा म्हणून वर्षभर गावाबाहेर प्रवचन करायची बंदी झाली. परतताना ते मला म्हणाले, "आसपासच्या गावांची सुटका झाली बघ माझ्या आवाजातून." फाटकापाशी एक तरुण भंते आमच्या मागे धावत आले. त्यांच्या गावात कालच एक शिक्षक मारला गेला होता. त्यांनी हळूच विचारलं, "आधी कोणाकडे जायचं असतं?"

"ज्याच्याकडे गेला नाहीत त्याच्याकडे," बारके भंते म्हणाले.

ते तरुण भंते गेले. पुढे आणखी एका विहारातले भंते मेलेल्यांच्या घरी जायला लागले. सगळे काही गेले नाहीत. सभेनं निवेदन काढलं ते मारामारी थांबल्यावर, उत्तम भाषेत.

सोमावतीअक्का आणि पोडिनोना एकमेकींशी कधीच बोलल्या नाहीत. लोकांना वाटायचं बोलतील, पण नाही. पौर्णिमेला दोघीही दान घेऊन यायच्या आणि दोघीही वांग्याचंच कालवण आणायच्या. भंते दोन्ही ताटांतलं सारखं खायचे. एकीचं चमचाभर जास्त झालं तर दुसरी महिनाभर धुमसायची. मग भंते दुपारभर पोट धरून पडायचे. मी हसलो की म्हणायचे, "हसू नकोस. तथागतांनी मध्यम मार्ग सांगितला तेव्हा त्यांच्यापुढे ही दोन वांगी नव्हती."

पुढे बऱ्याच वर्षांनी साखरेच्या आजारानं ते गेले, अंथरुणात, एका सकाळी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पताका लागल्या. दुपारपर्यंत दोन्ही पक्षांचे फलकही लागले. एकावर लिहिलं होतं, 'जुलमी सरकारला न भिणारे आमचे भंते'. दुसऱ्यावर, 'दहशतीपुढे न झुकणारे आमचे भंते'. सोमावतीअक्का काठी टेकत आली, दोन्ही वाचले आणि जिनदासला म्हणाली, "उतरव रे हे. दोन्ही खोटं आहे. भ्यायचे की ते." जिनदासनं शिडी लावली. शिडी पोडिनोनानं धरली होती.

त्यांच्या पाठाला शहरातून चांगल्या गळ्याचे भंते आले होते. कुठेही अडखळले नाहीत. मला मध्ये ठेका घालायची वेळच आली नाही.